क्रोन्समध्ये सकाळची स्मूदी सोसत नाही, काय घालावं आणि काय वगळावं?

सकाळउन्हं

नमस्कार. मला क्रोन्स आहे, म्हणजे आतड्याला सूज येत राहणारा जुनाट आजार, माझ्या लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात. मधे मोठा फ्लेअर, म्हणजे आजाराची उसळी, येऊन गेली. आता औषधांनी सूज उतरतेय असं डॉक्टर म्हणतात, पण वजन खूप उतरलंय. दुपारनंतर थोडंफार जेवण जातं. सकाळी मात्र चावून खायचं काही समोर आलं की वासानेच नको होतं. म्हणून सकाळचं खाणं पिऊनच घ्यावं असं ठरवलं.

पोटासाठी उत्तम म्हणून जी हिरवी स्मूदी सगळीकडे सांगतात, ती करतेय. कच्चा पालक मूठभर, सालासकट एक सफरचंद, खजूर, चमचाभर चिया, फ्रीजमधलं दूध आणि वरून मध. चवीला छान लागते. पण अर्ध्या-पाऊण तासात पोट टम्म फुगतं, बेंबीच्या खाली उजव्या बाजूला कळा सुरू होतात आणि मग शौचाला पळापळ. दुपारी तेवढीच फळं थोडी थोडी खाल्ली तर एवढा त्रास होत नाही.

मला कळत नाही ते हे की मिक्सरमधून इतकं बारीक केल्यावर पोटाला काम उरतंच किती? मग हे असं का होतं? आणि तुम्ही मंडळी काय घालता, किती घालता, कसं करता? आहारतज्ज्ञांची वेळ मिळाली आहे पण ती अजून लांब आहे. फळं पूर्ण सोडायची माझी तयारी नाही, वजन वाढवायचंय.

तिसराघोट

मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, मोठ्या आतड्याच्या सुजेचा आजार, म्हणजे दुखणं तुमच्या शेजारचं. सल्ला द्यायच्या आधी दोन गोष्टी विचारते. स्कॅनमध्ये कुठे आतडं अरुंद झाल्याचं लिहिलंय का? आणि औषधं कोणती चालू आहेत? या दोन उत्तरांवर बरंच काही ठरतं. तोवर चिया तरी बंद ठेवा. चियाचे दाणे आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी शोषून फुगतात, आणि अरुंद जागेत ते नको.

सकाळउन्हं

धन्यवाद ताई. हो, एमआरआयमध्ये शेवटच्या भागात थोडं अरुंद झाल्याचं आलंय. अडत नाही, पण सालं आणि बिया जपून खा असं सांगितलं होतं. ते स्मूदीलाही लागू होईल असं वाटलं नव्हतं, कारण सगळं वाटलंच जातं. औषधं म्हणजे अ‍ॅझाथायोप्रिन, आणि ब्युडेसोनाइड हे सूज उतरवणारं स्टेरॉइड हळूहळू कमी करतायत. शिवाय लोहाची गोळी. ऑपरेशन झालेलं नाही.

ओलीमाती

ताई, माझंही क्रोन्स त्याच ठिकाणचं आहे आणि अरुंद जागाही आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. बरीच वर्षं माझी सकाळ ग्लासावरच चाललीय.

आधी मिक्सरचं. मिक्सर फळ बारीक करतो, त्यातलं काही काढून टाकत नाही. साल होतं ते सालाचे कण होऊन ग्लासात आलं, आणि साखर तर जशीच्या तशी आली. फरक पडतो तो वेगात. एक अख्खं सफरचंद, खजूर, मूठभर पालक आणि ग्लासभर दूध तुम्ही एका बैठकीत चावून खाल्लं असतं का? खाल्लं असतं तरी वीस-पंचवीस मिनिटं लागली असती, आणि मधेच पोटाने पुरे म्हटलं असतं. ग्लासातून तेच सगळं तीन मिनिटांत आत जातं. दुपारी थोडं थोडं खाल्लेलं सोसतं आणि सकाळचं सोसत नाही, हे तुम्हीच लिहिलंय. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे. कोणतं फळ, याच्याइतकंच एका वेळी किती आणि किती भराभर, याला महत्त्व आहे.

आता उरलेलं निम्मं. सफरचंदात ग्लुकोजपेक्षा फ्रुक्टोज जास्त, वर सॉर्बिटॉल. मधातही फ्रुक्टोजच वरचढ. खजुरात फ्रुक्टन. दुधात लॅक्टोज. हे सगळे साखरेचे किंवा साखरेसारखे प्रकार. लहान आतड्यात ते पुरते शोषले गेले नाहीत की आतड्यात पाणी ओढून घेतात, आणि मोठ्या आतड्यात पोचले की तिथले जिवाणू ते आंबवून वायू करतात. फुगणं आणि पळापळ दोन्ही त्यातून. या सगळ्यांना मिळून फॉडमॅप हे नाव मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ मध्ये दिलं. तुमच्या ग्लासात त्यातले चार प्रकार एकाच वेळी होते. एखादा सोसला असता, चारही एकदम रिकाम्या पोटी म्हणजे फार झालं.

दुधाबद्दल लगेच मन कडू करून घेऊ नका. लॅक्टोज पचवणारं विकर (एन्झाइम) लहान आतड्याच्या अस्तरात असतं. अस्तराला सूज आली की ते कमी पडू शकतं, आणि सूज उतरली की बऱ्याच जणांना दूध पुन्हा चालायला लागतं. तोवर लॅक्टोज काढलेलं दूध घ्या. कॅल्शियम, प्रथिनं तीच मिळतात, फक्त चव किंचित गोड लागते.

पालकाबद्दल वेगळं सांगतो, कारण हे फारसं कुणी सांगत नाही. पालकात ऑक्झलेट भरपूर असतं. एरवी आतड्यातलं कॅल्शियम त्याला धरून ठेवतं आणि ते शौचावाटे निघून जातं. पण क्रोन्समध्ये लहान आतड्याच्या शेवटच्या भागाने काम सोडलं की स्निग्ध पदार्थ नीट शोषले जात नाहीत, कॅल्शियम त्या स्निग्धात अडकतं, आणि ऑक्झलेट मोकळं राहून मोठ्या आतड्यातून रक्तात जातं. त्याचे पुढे मूतखडे होतात. आपल्या आजारात मूतखडे जास्त दिसतात त्याचं हे एक मोठं कारण. कधीतरी शिजवलेल्या पालकाची भाजी खाल्ली म्हणून बिघडत नाही. रोज सकाळी कच्चा मूठभर मात्र नको. बीट आणि बदाम हेही त्याच गटातले.

आता मी काय करतो ते. ओट्सचे पोहे दोन मोठे चमचे, कपभर पाण्यात अगदी विरघळेपर्यंत शिजवतो. नुसते भिजवून किंवा कच्चे घालत नाही. मला ते शिजवल्यावरच सोसतात, आणि दाटपणाही मऊ येतो. ते कोमट झाले की त्यात अर्धं केळं, कपभर लॅक्टोजमुक्त दूध, एक मोठा चमचा शेंगदाण्याचं बटर आणि मिठाची कणी. बटर अगदी मऊवालं, दाणे लागणारं नाही. केळं पिवळं झालेलं पण ठिपके न पडलेलं घेतो, कारण केळं पिकत जातं तसं त्यातलं फ्रुक्टन वाढतं. काळ्या ठिपक्यांचं केळं गोड लागतं, पण मला त्याने गुबारा धरतो. हा ग्लास साधारण ३०० ते ३५० कॅलरींचा होतो.

मिक्सर हळू वेगावरच फिरवायचा. जोरात फिरवला की फेस होतो आणि तो फेस म्हणजे सगळी हवा, ती पोटातच जाते. फिरवून झाल्यावर भांडं दहा-पंधरा मिनिटं तसंच ठेवतो. वरचा फेस बसतो, मग चहाच्या गाळणीतून गाळतो. चमच्याच्या पाठीने हलकेच दाबलं की दाट रस खाली उतरतो आणि गाळणीत ओट्सच्या कोंड्याचा करडा, चरचरीत थर राहतो. मला अरुंद जागा आहे म्हणून तो मी टाकून देतो. ज्यांना ती अडचण नाही त्यांनी गाळायची गरज नाही, तो कोंडा चांगलाच आहे.

आणि मग ते पीत नाही, चमच्याने खातो. वाडग्यात घेऊन, बसून, अर्धं आत्ता आणि अर्धं दीड-दोन तासांनी. स्ट्रॉ नाही, बर्फ नाही. थंडगार घेतलं की मला कळा लवकर येतात. सगळ्यांनाच येतील असं नाही, पण तुम्ही फ्रीजमधलं दूध घालताय म्हणून सांगितलं.

फळं सोडायची नाहीतच. सोलून, बिया काढून, शिजवून घ्यायची. पपई मऊ आहे आणि मला छान सोसते, पण कच्चा गर दुधात घालून ठेवला तर कडू होतो. पपईतलं विकर दुधातली प्रथिनं तोडतं. कच्चं अननस आणि किवी यांचंही तसंच. लगेच संपवायचं, नाहीतर फळ आधी वाफवून घ्यायचं म्हणजे ते विकर निकामी होतं. उकडलेलं गाजर तर स्मूदीत फार चांगलं जमतं. गोडसर, मऊ, रंगही सुरेख. सफरचंद फारच आवडत असेल तर काही आठवड्यांनी, पोट स्थिर असताना, सोलून शिजवलेल्या पाव फोडीपासून सुरू करा.

एका वेळी एकच नवी वस्तू, थोडीशी, आणि दोन-तीन दिवस तीच. एकदम तीन गोष्टी बदलल्या तर कोणामुळे दुखलं ते कळणार नाही.

एक गंभीर गोष्ट. लाटा आल्यासारखं दुखणं, सोबत उलट्या, पोट कडक आणि वायूही सरत नाही, असं झालं तर स्मूदीत काय चुकलं याचा विचार करत बसू नका. ताबडतोब दवाखान्यात जा. अरुंद जागा अडल्याची ती लक्षणं असतात.

हळूहळू

वरचं सगळं वाचलं, उपयोगी आहे. पण इथे माझ्यासारखे गॅस्ट्रोपरेसिसवालेही वाचत असतील, म्हणजे ज्यांचं जठरच उशिरा रिकामं होतं. त्यांच्यासाठी थोडं वेगळं. घन अन्न साधारण १ ते २ मिलिमीटर इतकं बारीक झाल्याशिवाय जठर ते पुढे सोडत नाही. आमच्या जठराला तेच जमत नाही. द्रव मात्र बऱ्यापैकी पुढे जातो. म्हणून आमच्यासाठी मिक्सर खरोखर मोठा आधार आहे.

पण स्निग्धाने जठर आणखी मंदावतं. तेव्हा शेंगदाण्याचं बटर एक मोठा चमचा मला जड जातं, मी छोटा अर्धा चमचा घालते. संत्र्याच्या फोडी, त्यांच्या पापुद्र्यासकट, आमच्यासाठी बाद. असे तंतू जठरात साठून त्यांचा गोळा बनू शकतो. मळमळ असेल तर आल्याचा रस थोडा घालून पाहा, मला गुण येतो. पुदिना मात्र ज्यांना आम्लपित्त वर येतं त्यांनी जपून, तो अन्ननलिकेच्या खालची झडप सैल करतो. प्यायल्यावर निदान तासभर आडवं व्हायचं नाही.

तिसराघोट

बिटाचा विषय निघालाच आहे तर माझ्या आजाराच्या लोकांना सांगते. बीट घातलेली स्मूदी घेतल्यावर दुसऱ्या दिवशी शौच लालसर होऊ शकतं. ज्याला आधीच रक्त जाण्याची धास्ती आहे त्याच्या काळजाचं पाणी होतं. आणि उलटंही खरं, खरं रक्त असलं तरी बिटाचंच असेल म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. मी फ्लेअरच्या काळात बीट घरात आणतच नाही.

दुसरं म्हणजे डब्यांवरची बारीक अक्षरं वाचा. वनस्पतींपासून केलेली दुधं, फायबरयुक्त म्हणून विकलं जाणारं दही, प्रथिनांच्या पावडरी, यांत इन्युलिन किंवा चिकोरीचं मूळ घातलेलं असतं. तेही फ्रुक्टनच. साखर नाही असं लिहिलेल्या पावडरीत सॉर्बिटॉल, माल्टिटॉल, झायलिटॉल सापडतं. ग्लासातलं सफरचंद काढून टाकायचं आणि डब्यातून तेच परत घालायचं, असं होऊ नये.

औषधपेटी

मी औषधांच्या दुकानात काम करते, म्हणून फक्त औषधांपुरतं.

ब्युडेसोनाइड चालू आहे तोवर ग्रेपफ्रूट पूर्ण वर्ज्य. त्याने आतड्यातलं हे औषध मोडणारं विकर अडतं आणि रक्तातलं औषध वाढतं. स्मूदीच्या तयार पाकिटांत आणि मिश्र फळांच्या रसांत ते असू शकतं, घटक वाचा.

लोहाची गोळी दुधाच्या स्मूदीबरोबर घेऊ नका. कॅल्शियममुळे लोह कमी शोषलं जातं. दोन्हींत दोन तासांचं अंतर ठेवा.

अ‍ॅझाथायोप्रिनने प्रतिकारशक्ती दबलेली असते. त्यामुळे वजन वाढवायला म्हणून कच्चं अंडं स्मूदीत घालायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, आणि पाश्चराइज न केलेलं दूधही नको. गोठवलेल्या बेरींमधून हिपॅटायटिस ए पसरल्याच्या घटना वेगवेगळ्या देशांत घडल्या आहेत. त्या बेरी वापरायच्याच असतील तर चांगल्या उकळून घ्या. ८५ अंश सेल्सियसला निदान मिनिटभर तापल्या की तो विषाणू निष्क्रिय होतो. तुमच्या बाबतीत उकळल्यावर बियांसाठी गाळाव्याही लागतील.

सकाळउन्हं

सगळ्यांचे मनापासून आभार. ओलीमाती दादा, तुम्ही सांगितलं तसं ओट्स आणि अर्ध्या केळ्यावर आले. चमच्याने खाणं सुरुवातीला विचित्र वाटलं, पण फुगणं खरंच पुष्कळ कमी झालंय. कळा पूर्ण गेल्या नाहीत, पण कामावर जाताना रस्त्यात शौचालय शोधायची वेळ येत नाही. शेंगदाण्याचं बटर चाललं. गाजर उद्यापासून.

अजून तीन प्रश्न. दुसरा अर्धा भाग कामावर कसा नेऊ? प्रथिनांची पावडर घालावी का, कोणती? आणि वाचलं की क्रोन्समध्ये काही आठवडे नुसतं द्रवावर राहिलं की आतडं बरं होतं. मग मी महिनाभर दिवसभर स्मूदीवरच राहू का?

ओलीमाती

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो महत्त्वाचा आहे. नाही, तसं करू नका. तुम्ही जे वाचलंत ते खरं आहे, पण ते वेगळं. लहान मुलांच्या क्रोन्समध्ये ६ ते ८ आठवडे फक्त वैद्यकीय पोषणपेयावर ठेवतात आणि बऱ्याच मुलांची सूज त्याने उतरते. मोठ्या माणसांतही कधी कधी वापरतात. पण त्या पेयात प्रथिनं, स्निग्ध, जीवनसत्त्वं, क्षार सगळं मोजून घातलेलं असतं, आणि रक्ताच्या तपासण्या करत ते चालवतात. केळं-ओट्सच्या ग्लासात ते नाही. महिनाभर तेवढ्यावर राहिलात तर आधीच उतरलेलं वजन आणखी उतरेल. तुमच्या डॉक्टरांना त्या पोषणपेयाबद्दल जरूर विचारा. सकाळच्या स्मूदीत दुधाऐवजी ते वापरता येईल का, हेही विचारा. मला फ्लेअरमध्ये तसंच दिलं होतं आणि वजन सावरायला त्याची खूप मदत झाली.

फॉडमॅपचंही तसंच. कमी फॉडमॅपच्या आहाराने वायू आणि कळा कमी होतात, सूज उतरत नाही. तो सहसा २ ते ६ आठवडेच पाळतात आणि मग एकेक पदार्थ परत आणतात. तुमचं वजन कमी आहे, तेव्हा आहारतज्ज्ञ भेटेपर्यंत यादी आणखी छाटू नका. फ्रुक्टोज, सॉर्बिटॉल, फ्रुक्टन आणि लॅक्टोज या चौघांना एकत्र येऊ दिलं नाही की सध्या पुरे.

पावडर घ्यायची तर व्हे आयसोलेट, म्हणजे दुधातल्या प्रथिनांची जास्त शुद्ध केलेली पावडर. साध्या व्हे कॉन्सन्ट्रेटमध्ये लॅक्टोज जास्त राहतं. घटक दोन-तीनच असलेली, तिसराघोट ताईंनी सांगितलेली नावं नसलेली. पूर्ण चमचा नको, पाव चमच्यापासून सुरू करा. मला विचाराल तर आधी गाजर बसू द्या, पावडर मग.

कामावर न्यायला झाकणाची छोटी बाटली, सकाळीच फ्रीजमध्ये गार करून मग गार राहणाऱ्या थर्मासमध्ये. तिथे फ्रीज असेल तर उत्तम. कोमट करून तासन् तास तसं ठेवू नका, अ‍ॅझाथायोप्रिनवर असताना तर नाहीच. खायच्या वेळी कपात ओतून गरम पाण्यात तो कप थोडा वेळ धरला की थंडपणा मोडतो. ओट्समुळे ते घट्ट बसेल, दोन चमचे पाणी घालून ढवळा. उरलेलं दुसऱ्या दिवशीसाठी ठेवत जाऊ नका, दूध-केळ्याचं मिश्रण त्याच दिवशी संपवलेलं बरं.

सकाळउन्हं

डॉक्टरांना पोषणपेयाबद्दल विचारते, पुढच्या आठवड्यात भेट आहे. एवढंच सांगा, गाजर किती वेळ उकडता? आणि सालं काढूनच ना?

ओलीमाती

सोलून, पातळ चकत्या करून. काटा टेकवला की आपोआप आत जाईल इतपत, माझ्या शेगडीवर वीसेक मिनिटं लागतात. मधला कडक पिवळट दांडा असेल तर तो काढून टाका. उकडलेलं पाणीही ओतून देऊ नका, ओट्स त्यातच शिजवा.